नाव अज्ञात

तोराजाचा डोंगर उतरून, दोन दिवस बोटीत काढून लाई सांपे राजधानीतल्या संग्रहालयात पोचली आणि एका काचेच्या कपाटासमोर उभी राहिली. आत लाकडी माणूस होता. आमच्याकडे तोराजात मेलेल्या माणसाचा असा पुतळा कड्यावर बसवतात आणि दर काही वर्षांनी त्याचे कपडे बदलतात. हा मात्र चोरांनी रातोरात उचलून नेलेला.

"कपाट उघड बाबा. नवी लुंगी आणलीय. अंगावरची बघ कशी विरलीय त्याच्या."

"असं उघडता येत नाही, आजी," पहारेकरी म्हणाला. "फार जुना आहे तो. पाटीवर लिहिलंय ना, दीडशे वर्षांपूर्वीचा पुरुष, नाव अज्ञात. तुमचे पणजोबा का?"

"कसले पणजोबा! भुवईवरचा तो व्रण मी कारागिराशेजारी बसून कोरून घेतलाय. नवरा आहे माझा."

काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिने पांढरे केस हातानेच सारखे केले.

"तो राहिला तिशीतच. मी ही अशी झाले. उघड लवकर, मला ओळखतो का बघू दे."