उपासाला चालतं

"पुन्हा एकशे सत्तर! काकू, किडन्या निकामी होताहेत यांच्या. मीठ बंद म्हणजे बंद!" शरयूच्या नवऱ्याच्या दंडावरचा बीपीचा पट्टा सोडत डॉक्टर कडाडले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वर्षभरात मिठाचा कण दिला नाही यांना. हा घ्या डबा, तुम्हीच बघा!"

डॉक्टरांनी आमटी चाखली. "खारट आहे की!"

"मीठ कुठलं? सैंधव ते. उपासाला चालतं."

"देवाला चालत असेल. किडनीला दोन्ही सारखीच."

शरयूचा चेहरा पडला. स्वतःच्या हातानं वाढलेलं एकेक ताट आठवलं. मग तिनं डब्याचं झाकण दाणकन लावलं.

"दर महिन्याला गोळ्या तेवढ्या वाढवल्यात. आमटीत काय घालते, एकदा तरी विचारलंत?"