पाच दिवसांची पूजा

पिशवीत गाऊन, रिपोर्टांची फाइल आणि जपमाळ भरून झाली. उद्या गुडघ्याचं ऑपरेशन. काल सही केली त्या कागदावर ‘जिवाला धोका संभवतो’ असं छापलं होतं. तेव्हापासून घास उतरत नव्हता.

आमचे हे कधी देवघरात पाऊल न टाकणारे. आज मात्र वही घेऊन माझ्यासमोर बसले होते.

“बाळकृष्णाला कोमट पाण्यानं अंघोळ घाला. तुळस रविवारी तोडू नका.”

“रविवारी तुळशीला सुट्टी. लिहिलं!”

मला हसू आलं नाही. “श्रावणात जिवतीचा कागद लावा. गौरींचे मुखवटे माळ्यावरच्या पेटीत आहेत, आधी पुसून घ्या...”

“श्रावण? अगं, अजून होळी व्हायचीय.” यांचं पेन थांबलं. “डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?”

“पाच.”

“मग पाच दिवसांचंच सांग. गौरी तू येऊन बसव. मला ते शिकायचं नाही.”

एवढं बोलून ते वहीवर वाकले आणि लिहून झालेल्या गौरींच्या ओळीवर पेन इतकं दाबून फिरवलं, की कागद फाटला.