सकाळची गोळी

“बाजूच्या खाटेवरच्यांना ती सकाळची गोळी मिळते. आमच्या बाबांचीच का बंद केली?” मुलीने डॉक्टरांना वॉर्डाच्या दारातच गाठलं.

डॉक्टर नवे होते, वयाने कोवळे होते. तिला संशय घ्यायला एवढं पुरे होतं. ती बँकेत कॅशियर. उजेडाला धरल्याशिवाय नोट गल्ल्यात टाकायची नाही ही तिची सवय, आणि माणसांनाही ती तशीच धरून बघायची.

“त्यांना अल्सर आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुमचे बाबा न्यूमोनियासाठी आले. पोटाची काही तक्रारच नव्हती. इथे दाखल झालं की ॲसिडिटीची गोळी सुरू होतेच, कशासाठी ते कोणी विचारत नाही. पण पोटातलं ॲसिड जंतू मारतं. तेच दाबून टाकलं की जंतूंना रान मोकळं. इथे आल्यावर लागलेले जुलाब त्यामुळेच हटत नसावेत.”

तिने मान डोलावली आणि एक अक्षर पटवून घेतलं नाही. दाराबाहेरच्याच बाकावर आई चादरीची घडी घालत बसली होती.

“बाकीचे सगळे डॉक्टर वेडे आणि हा एकटा शहाणा,” ती आईच्या शेजारी टेकली. “फुकटच्या वॉर्डात आहोत ना आपण, म्हणून गोळी वाचवतायत. लक्ष ठेवायला हवं.”

आईने घडी मांडीवर ठेवली. चारचौघांत बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

मुलीने खरोखरच लक्ष ठेवलं. औषधांची ट्रॉली आली की ती मागे जाऊन उभी राहायची आणि प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचायची. एकच प्रश्न दोन नर्सना वेगवेगळा विचारून उत्तरं जुळतात का बघायची. “तुम्ही पोलिसात आहात का हो?” एका नर्सने शेवटी विचारलंच.

न्यूमोनिया उतरला, पण जुलाब थांबेनात. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेल्या बाबांच्या हातात आता पाण्याचा पेलाही ठरत नव्हता. “कमरेला घड्याळाचा पट्टा पुरेल आता,” ते म्हणाले. कोणालाच हसू आलं नाही. मुलीला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तिला राग यायचा. तो सगळा डॉक्टरांच्या वाट्याला गेला.

एका दुपारी डॉक्टर स्वतःच स्टूल ओढून खाटेशी बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“माझा अंदाज चुकला बहुतेक. गोळी बंद आहे, जुलाबाचं औषध चालू आहे, तरी फरक नाही. म्हणजे कारण दुसरंच काहीतरी आहे. उद्या आतड्यात नळी घालून बघावं लागेल. इतक्या अशक्तपणात त्यात धोका आहे, तुमच्यापासून लपवत नाही. आणि तुमची इच्छा असेल तर ती गोळीही पुन्हा सुरू करतो.”

“मी पहिल्यापासून तेच म्हणत होते,” मुलगी म्हणाली. बाप असा समोर पडलेला असतानाही तिला जिंकल्यासारखं वाटलं.

आई उठून उभी राहिली.

“डॉक्टर, ती नळी घालू नका. गोळी बंद झालेलीच नाही.”

मुलगी वळून बघतच राहिली.

“रोज सकाळी चहाच्या आधी मीच देते. समोरच्या दुकानातून आणते. दुकानदार काही विचारत नाही, मागितली की देतो.” आईने लेकीकडे पाहिलं नाही. “तुम्ही सांगितलं ते मी पण ऐकलं होतं, साहेब. खरंही वाटलं होतं. पण ही म्हणाली, तुम्ही फसवताय. मग तुमच्यावर नाही ठेवला विश्वास, लेकीवर ठेवला.”