बांबू एक, खाडी एक

शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि त्यांचा पारा चढला. उन्हाळ्यात पुण्याला महिनाभराचा विज्ञानवर्ग भरणार होता आणि तालुक्यातून प्राथमिक शाळेचा एकच मास्तर निवडायचा होता. अर्जात ‘शाळेतील शास्त्रीय साहित्य’ असा रकाना होता. पनवेल बंदराजवळच्या शाळेच्या बुधाजी घरत मास्तरांनी त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : बांबू एक, खाडी एक.

“सरकारची थट्टा करता काय हो मास्तर?”

“नाही साहेब. आहे तेच लिहिलंय.”

 तीन वर्षं बुधाजी हा अर्ज करत होते आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच एका शाळेचा नंबर लागला होता. त्या शाळेत काचेच्या नळ्या होत्या, कपाटात, कुलूप लावून ठेवलेल्या. पुढच्या वर्षी बुधाजी वयात बसणार नव्हते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

“चला, बघू तुमचा बांबू.”

अख्खी चौथी साहेबांच्या मागोमाग बंदरावर निघाली. धक्क्यापाशी चिखलात एक उंच बांबू रोवला होता आणि त्यावर दर चार बोटांवर चुन्याचा पट्टा ओढला होता. मचवेवाल्या जगनची मुलगी भामा वही घेऊन पुढे झाली. दोन वर्षांची भरती-ओहोटी त्या वहीत होती. घरोघरची म्हातारी माणसं तिथीवरून भरतीची वेळ सांगायची. ‘सांगतात ते खरं की खोटं, मोजून बघा,’ एवढंच बुधाजींनी पोरांना म्हटलं होतं. पोरं जी मोजत सुटली, ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा थांबली नाहीत!

साहेब लाँचने आले होते, त्यामुळे मुंबई बंदराची भरतीची छापील पुस्तिका त्यांच्या खिशातच होती. त्यांनी ती उघडली.

“आज पौर्णिमा. पूर्ण भरती अकरा चाळीसला.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “म्हणजे झालीच. आता पाणी उतरायला लागेल.”

“नाय साहेब,” भामा म्हणाली. “अजून दोन पट्टे चढंल. बारा पंचवीसला थांबंल.”

बुधाजींनी तिला डोळ्यांनीच दटावलं. साहेबांचं छापील पुस्तक खोटं पाडणारी ही एवढीशी पोर! पण साहेब हसले आणि म्हणाले, “बरं बाई, थांबतो.”

ऊन चांगलंच तापलं. एक पट्टा बुडाला तेव्हा साहेबांचं हसू गेलं. दुसऱ्याला पाणी लागलं तेव्हा त्यांनी बूट काढले आणि धक्क्याच्या खालच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. दुसरा पट्टा बुडाला. पाण्यावरची एक काडी बांबूपाशी आली, जागच्या जागी थांबली आणि मग हळूच समुद्राच्या दिशेने परत फिरली. साहेबांच्या घड्याळात बारा सव्वीस झाले होते.

“एक मिनिट चुकलं,” भामा ओशाळून म्हणाली.

“शाब्बास!” साहेब ओरडलेच. “घरत, अहो, काय शिकवलंय तुम्ही! नोकरीत इतक्या शाळा पाहिल्या, असा धडा नाही पाहिला. तुम्हाला पुण्याला धाडून काय करायचं? पुण्याच्या लोकांनीच इथं यावं. जागा देतो त्या कपाटवाल्यांना, गरज त्यांना आहे.”

झालं! कौतुकानंच घात केला.  बुधाजी नुसते बांबूकडे बघत राहिले.

“साहेब, एक इचारू?” भामा म्हणाली. “आमच्याकडं पानी मुंबईच्या मागनं का येतं?”

“अगं, समुद्र इथून लांब. खाडी भरायला वेळ लागतो.”

“मग चढाया सवापाच तास आन् उतराया सात, ते का?”

साहेबांनी छापील पुस्तिका उलटसुलट चाळली आणि मिटली. त्यांनी बुधाजींकडे पाहिलं.

“मलाही नाही माहीत साहेब,” बुधाजी म्हणाले. “वर्षभर विचारतेय ती. केव्हा, ते बांबू सांगतो. का, ते नाही सांगत. म्हणून तर अर्ज केला.”

 साहेबांनी खिशातून पेन काढलं, अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि खाली मंजुरीची सही ठोकली.

बूट हातात घेऊन ते लाँचकडे निघाले. विजार घोट्यापर्यंत भिजलेली होती. फळीवर पाय ठेवता ठेवता ते मागे वळले.

“गुरुजी, उत्तर मिळालं की मलाही एक कार्ड टाका.”