आईची कवळी

वडिलांना खुर्चीत बसवून मुलाने पिशवीतून आईची कवळी काढून माझ्यासमोर ठेवली. खाचांमध्ये शेवटच्या जेवणाचा पिवळा लगदा वाळून बसला होता. "डॉक्टर, आई गेल्या महिन्यात गेली. कवळी नवीकोरी आहे. बाबांना बसवून टाका." वडिलांनी मान खाली घातली. मी समजावलं, "कवळी चेहऱ्याच्या ठेवणीनुसार बनते. बाबांचा चेहरा चौकोनी, जबडा रुंद. ही कमान अरुंद, दात निमुळते. आईंचा चेहरा निमुळता असणार. यांच्या हिरड्या सोलवटून निघतील." "मग घासा की. या वयात कुणाला हसून दाखवायचंय त्यांना?" मी त्याच्याकडे पाहिलं. कपाळ रुंद, हनुवटी टोकदार; चेहरा निमुळता. चिमट्याने कवळी उचलून त्याच्या ओठांपाशी नेली. "तुम्ही आईवर गेलायत. तुम्हालाच चपखल बसेल. जपून ठेवा, म्हातारपणी तुमच्या मुलांचा खर्च वाचेल." तो मागे सरकला. तेव्हा कुठे त्याला किळस आली.