नमुना

"तळं सडलंय, दादा, आणि तू त्यावर अत्तर शिंपडतोयस!" भर सभेत ती कडाडली.

तिचा थोरला भाऊ शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य अभियंता होता. व्यासपीठावरून त्याने लोकांकडे पाहून हात जोडले. "आमची धाकटी पहिल्यापासून अशीच. राईचा पर्वत करते."

सभागृहात खसखस पिकली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन उन्हाळे ती होडीतून फिरून तळ्याचं पाणी तपासत होती. गटारं आणि शेतांतली खतं तळ्यात उतरत होती, त्यावर हिरवं शेवाळ माजत होतं, आणि त्या शेवाळात विष होतं. उकळूनही न जाणारं. गटारं वळवा, तोवर पाणी दुसरीकडून आणा, म्हणून तिने दारोदार जाऊन घसा कोरडा केला. सगळे तिच्या भावाकडे बोट दाखवायचे. आणि भाऊ म्हणायचा, आमचं शुद्धीकरण केंद्र समर्थ आहे.

तिने पिशवीतून बाटली काढली आणि त्याच्यापुढे आदळली.

"तपास. इथेच, सगळ्यांसमोर."

"बेलाशक. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्याने खात्याच्या रसायनतज्ज्ञाला खूण केली.

रसायनतज्ज्ञाने पाण्यात पट्टी बुडवली. पाणी चांगलं असल्याची रेघ पट्टीवर उमटायची वाट बघता बघता त्याच्या कपाळाला घाम फुटला.

"साहेब... विष आहे. बरंच आहे."

भाऊ डगमगला नाही, उलट खुलला. "असणारच! तळ्यातलं कच्चं पाणी आहे ते. बाईसाहेबांनी शेवाळाजवळचं पाणी तेवढं भरलंय, तुम्हाला भिववायला. अहो, हे पाणी मी गुरांनासुद्धा दाखवणार नाही!"

"आणि माणसांना पाजलं तर?" तिने दात-ओठ खात विचारलं.

"पाजणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती बोलायला तोंड उघडणार, तोच मागच्या रांगेतून वहिनी उठली. तिच्या खांद्यावर तान्ही लेक झोपली होती. टाळ्या थांबेपर्यंत ती नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

"अहो, ती बाटली सकाळी मी भरून दिलीय. आपल्या ओट्यावरच्या नळाखाली."