आई समोर हवी

कान टोचायच्या दुकानाच्या दारातून आधी लेकीची मैत्रीण आली, मग मैत्रिणीची आई, आणि त्या दोघींच्या मागून सुईवालीची स्वतःची लेक.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. कुठल्या दुकानात जायचंय हे तिला कुणी सांगितलं नसावं. गल्ली ओळखीची लागली तेव्हा मागे फिरायची सोय उरली नव्हती. आणि सुईवालीच्या भुवईत कडी, खालच्या ओठात मणी, कानांना खालपासून वरपर्यंत नुसती रांग. तोंड लपवायचं म्हटलं तरी लपवणार कुठे? तिने एकदाच लेकीकडे पाहिलं आणि समजायचं ते समजली.

"या ताई," तिने कुणालाही म्हणते तसं म्हटलं. "कुणाचं करायचंय?"

लेकीने सोडलेला सुटकेचा श्वास तिला इथवर ऐकू आला. तो फार लागला.

मैत्रिणीच्या आईला बोलायला निमित्त लागत नव्हतं. दोघी पोरींना कानाच्या वरच्या कडेला टोचून हवंय, महिनाभर नुसतं डोकं खाल्लंय माझं. बाजारात बंदुकीने ठोकून देतात, तिथे मला नको होतं. तुमच्याकडे सुई दर वेळी नवी असते आणि तुमचा हात हलका आहे असं ऐकलं म्हणून आले. पण खरं सांगू, तुम्हाला बघून आधी जरा दचकलेच, असंही ती हसत हसत बोलून गेली. बाई मनाने वाईट नव्हती. तेच तर अवघड होतं.

मैत्रिणीचं आधी झालं. कुठल्या कुशीवर झोपता, सुईवालीने विचारलं, कारण त्याच बाजूचा कान टोचला तर रात्रभर ठणकत बसतो. मग दुसऱ्या कानावर शाईचा ठिपका दिला, आरशात दाखवला, श्वास सोडायला लावला. पोरगी आईचा हात धरून बसली होती. सुई पार गेली तरी ती "आता टोचणार का?" असंच विचारत होती.

लेकीची पाळी आली. सुईवाली हातमोजे बदलता बदलता म्हणाली की अठराच्या आतल्या कुणालाही आईवडील समोर असल्याशिवाय ती हात लावत नाही. नियम खरा होता. त्यात लेकीला निसटून जायला वाट होती, आणि बोलून टाकायलाही होती. ती कुठली धरते ते सुईवालीला बघायचं होतं. पोटच्या पोरीला आपण असं कोंडीत पकडतोय, याची तिला लगेच लाज वाटली.

लेक स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

"हिची आई ऑफिसात असते हो, तिला कुठला वेळ," मैत्रिणीची आई म्हणाली आणि लेकीच्या खांद्यावर हात टाकून पुढे झाली. "मी उभी राहते ना आई म्हणून. चालेल ना गं?"

लेकीने मान हलवली.

आता नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. सुईवालीने खुर्ची पुसली. नियम तसा मोडत नव्हताच म्हणा, आई समोर होती. तिने लेकीचे केस कानामागे सारले, हनुवटी वळवली आणि डाव्या कानावर ठिपका दिला.

"हिला नाही विचारलंत ते?" मैत्रिणीची आई म्हणाली. "कुठल्या कुशीवर झोपते?"

पेन हातात तसंच राहिलं. रोज रात्री जिच्या अंगावरचं सरकलेलं पांघरूण सारखं करायचं, तिला सुईवालीने विचारलं, "कुठल्या कुशीवर झोपता, ताई?"

"उजव्या," लेक म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले.

मग बरोबरच आहे की, सुईवाली म्हणाली, इतकी वर्षं करतोय, अंदाज येतो आम्हाला. मैत्रिणीच्या आईला याचं फार कौतुक वाटलं.

श्वास सोडायला सांगितला तर लेक तो धरूनच बसली. तिने मैत्रिणीच्या आईचा हात असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. सुईवालीने वाट पाहिली. किती परक्या माणसांच्या अंगात तिने सुया घातल्या असतील, हात कधी जड झाला नव्हता. शेवटी लेकीने श्वास सोडला आणि सुई गेली, खडा बसला, रक्ताचा एक ठिपका आला तो पुसला. मैत्रिणीच्या आईने लेकीच्या पाठीवरून हात फिरवत तिला शहाणी गं माझी म्हटलं. सुईवाली ट्रे उचलून बेसिनकडे वळली, कारण कुठेतरी वळायला हवंच होतं.

तिकडूनच तिने पुढचं सगळं सांगितलं. मिठाच्या पाण्याने धुवायचं, उगाच चाळा करायचा नाही, उशीची खोळ बदलायची. दोघी पोरींनी हो हो केलं.

"घरी आईला सांग हं नीट," मैत्रिणीची आई लेकीला म्हणाली, मग आवाज उतरवून सुईवालीला, "मी तर हिच्या आईला अजून पाहिलेलंसुद्धा नाही. पालकसभेला नाही, शाळेच्या कार्यक्रमाला नाही. पोरगी इतकी गुणी, आणि एक दिवस वेळ काढवत नाही. काय म्हणायचं अशा बायकांना?"

"असतात काही," सुईवाली म्हणाली. घामाने हातमोजा बोटांना चिकटला होता, निघता निघत नव्हता. "नसेल मिळत वेळ."

लेक आरशासमोर उभी होती. नव्या खड्याकडे तिचं लक्ष नव्हतं. आरशात मागे बेसिनपाशी उभ्या असलेल्या बाईकडे ती बघत होती.

"वेळ असतो तिला," ती म्हणाली. "मीच येऊ देत नाही."